घरामागे एक मत

माझ्या नवऱ्याने मला सात घरांच्या बैठकीत पाडलं आणि परतताना स्कूटरवर मलाच समजावलं, की हे त्याने माझ्या भल्यासाठी केलं. लोकांचे नवरे दारू पितात, हात उगारतात, बाहेर भानगडी करतात. त्यांच्याविरुद्ध निदान चार जणांत बोलता येतं, चार जण हळहळतातही. माझा नवरा सज्जन आहे. सज्जन नवऱ्याची तक्रार कुणाकडे करायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गोष्ट कॉम्प्युटरची आहे, पण समजायला कठीण नाही. लिनक्स नावाची एक फुकट मिळणारी सिस्टिम असते. ती घेऊन, तिच्यात आपल्याला हवं ते भरून कुणीही आपलं स्वतःचं गाठोडं बांधू शकतं. त्या गाठोड्याला डिस्ट्रो म्हणतात. आमच्या डिस्ट्रोचं नाव गलबत. उत्तनचे लेस्लीअंकल आणि मी, आम्ही दोघांनी ती सुरू केली. लेस्लीअंकल आयुष्यभर आखातात जहाजांवर वायरमन होते. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. कंपन्यांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर ते उचलून आणायचे, दुरुस्त करायचे आणि त्यात काय घालायचं म्हणून मला फोन करायचे. मी मिरा रोडला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. त्यातून गलबत निघालं. सगळा कारभार मराठीत, जुन्या मशीनला झेपेल असा, आणि द्यायचा कुणाला, तर उत्तन, पाली, चौक, भाईंदर गाव इथल्या मच्छीमार सोसायट्यांना, चर्चच्या हॉलना, बचतगटांना. सगळे सुटे भाग जमवून त्यांची एक चालणारी फाइल तयार करायची, ज्याला आम्ही ‘गलबत बांधणं’ म्हणतो, ते काम पहिल्यापासून माझ्याकडे. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं आणि कुणी शिकायलाही आलं नाही.

पुढे माणसं वाढत गेली. लेस्लीअंकलचा पुतण्या गेविन आला, इंद्रलोक वस्तीतला यतीन आला, आणखी काही जण आले. मग ठरवाठरवी कशी करायची हा प्रश्न आला, तेव्हा लेस्लीअंकलनी त्यांच्या आळीतली पद्धत आणली. घरामागे एक मत. घरात माणसं दोन असोत की दहा, घराचं नाव पुकारायचं, एकाने उठून घराचं मत सांगायचं, विषय संपला. आणि जो सगळ्यात लांबून आला असेल, त्याचं घर आधी पुकारायचं, कारण त्याला परत जायचं असतं. मला तेव्हा ही पद्धत फार आवडली होती. ऑफिसातल्या मीटिंगांपेक्षा तरी बरी, असं मी म्हटल्याचं मला आठवतंय.

तेव्हा आमच्या घराला ‘रुचिताचं घर’ म्हणायचे. स्वरूपचा गलबतशी काही संबंध नव्हता. तो एका कुरिअर कंपनीत मॅनेजर आहे. बैठक उत्तनला, आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला जेसल पार्कला, म्हणजे रेल्वे फाटकाच्या पार पलीकडे. बसला फार वेळ जातो म्हणून तो मला स्कूटरवर सोडायचा आणि लेस्लीअंकलच्या ओट्यावर बसून राहायचा. ज्युलियानाआंटी त्याला चहा द्यायच्या. मग तो खुर्च्या मांडू लागला. मग कॉम्प्युटर उचलायला, टेम्पो ठरवायला त्याची मदत होऊ लागली. माणूस गोड बोलतो, कुणाला नाही म्हणत नाही. एके दिवशी लेस्लीअंकलनी ‘स्वरूपचं घर’ असं पुकारलं, तो उठला, मी घरी सांगितलं होतं तेच बोलला आणि बसला. त्यानंतर ते तसंच चालू राहिलं. गलबताच्या चित्रासाठी कुठला रंग, पोस्टर कुठे लावायचं, असल्या बारीकसारीक गोष्टी असायच्या. त्याचा आवाज खणखणीत आहे, बोलू दे, म्हणून मीही त्यात लक्ष घातलं नाही.

आता डेस्कटॉपचं सांगते. कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर जे दिसतं, खालची पट्टी, चित्रं, खिडक्या उघडण्या-मिटण्याची तऱ्हा, त्या सगळ्याला मिळून डेस्कटॉप म्हणायचं. विंडोजमध्ये तो एकच येतो. लिनक्समध्ये डझनभर आहेत आणि डिस्ट्रो बांधणाऱ्याने ठरवायचं असतं, की आपल्या गाठोड्यात पहिल्यांदा दिसणारा कोणता. त्यालाच डिफॉल्ट म्हणतात. बाकीचे घालता येतात, पण माझ्या इतक्या वर्षांच्या टेस्टिंगच्या अनुभवावरून सांगते, जे आधी दिसतं तेच लोक शेवटपर्यंत वापरतात.

मी एक्सएफसीई नावाचा साधा, हलका डेस्कटॉप घेतला होता आणि तो दर रविवारी पालीच्या सोसायटीच्या खोलीत बसून घडवला होता. तिथे माझ्या सासूबाईंची मावसबहीण गोदूबाई आणि तिच्याबरोबरच्या मासे विकणाऱ्या बायका शिकायला यायच्या. पहिल्या दिवशी गोदूबाईने चित्रावर माऊस नेला आणि दाबला, काही झालं नाही. दोनदा पटापट दाबायचं असतं, मी सांगितलं. तिने दाबलं. बराच वेळ दाबत राहिली. जन्मभर बर्फात घातलेली बोटं ती, पटापट दोनदा उचलतच नव्हती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच ओशाळले. पुढच्या रविवारी मी सगळं एका टिचकीवर आणलं होतं.

असं एकेक करत गेले. खिडकी खाली दडवण्याचं बटण काढून टाकलं, कारण ते चुकून दाबलं की बायकांना वाटायचं, केलेलं सगळं गेलं. पुसून टाकण्याची सोय आत खोल ठेवली. खालच्या पट्टीवर मोठी पाच चित्रं: बाजारभाव, हवामान, व्हिडिओ कॉल, फोटो आणि बंद करायचं बटण. गोदूबाई चित्रं अक्षरं न वाचता ओळखायची. ती हवामान बघून जावयाला फोनवर सांगायला लागली तेव्हा जावई हसला होता, मग हसेनासा झाला. घरी माझ्या सासूबाई शांताबाई त्याच पट्टीवरून मस्कतला असलेल्या गिरिजाशी, म्हणजे माझ्या नणंदेशी, रोज दुपारी बोलू लागल्या. मी ऑफिसात, स्वरूप कामावर, घरात दुसरं कुणी नाही, आणि त्यांचं कुणावाचून अडत नव्हतं. मला माझ्या नोकरीत जेवढा आनंद कधी झाला नाही तेवढा त्या पाच चित्रांचा झाला. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आता बोलतेय.

गेविनने ग्नोम नावाचा दुसरा डेस्कटॉप आणला. ग्नोम चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. स्वच्छ, देखणा, नव्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालतो. गेविन मालाडला मोठ्या कंपनीत आहे, त्याचा लॅपटॉप नवा होता, आणि त्याने बैठकीत तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

“रुचिता दी, तुमचं काम सॉलिड आहे, पण बघा ना, किती जुनं वाटतं,” तो म्हणाला. “आपल्या लोकांनी काय कायम सेकंडहँडच वापरायचं? कोळ्यांचं आहे म्हणून असं दिसायला पाहिजे का? कोणी फॉरेनवाला बघायला आला तर मला अभिमान वाटला पाहिजे यार.”

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आपल्या माणसांना चांगलं दिसावं असं कुणाला वाटत नाही? मी म्हणाले, “त्यात पट्टीच नाही, आधी एक बटण दाबून सगळं उघडायचं आणि मग शोधायचं. जुन्या मशीनवर ते धापा टाकतं. आणि गोदूबाईला ते सापडणार नाही.”

“तुमचं पण ठेवू ना आत. लॉगिन करताना कोपऱ्यात ते चाक असतं, ते दाबलं की लिस्ट येते, त्यातून घ्यायचं.”

“ते चाक जिला सापडेल, तिला माझ्या डेस्कटॉपची गरजच नाही,” मी म्हणाले. दोन-तीन जण हसले आणि मला वाटलं, बाजू पक्की आहे. यतीन तर माझ्या शेजारी बसून मान हलवत होता. त्याने घरी दोन्ही घालून पाहिले होते आणि मला फोनवर सांगितलंही होतं, की माझं मत तुझ्याच डेस्कटॉपला.

निर्णयाची बैठक लेस्लीअंकलच्या ओट्यावर झाली. समोर बोंबील वाळत घातलेले, वारा सगळा घरात येत होता. सात घरं आली होती. लेस्लीअंकलनी दोन्ही नावं सांगितली आणि म्हणाले, “आता घरं पुकारतंय. लांबचं घर पयलं. स्वरूपचं घर.”

स्वरूप उठला. मी माझ्या वहीतल्या पुढच्या कामाकडे पाहत होते. तो काय बोलणार हे मला माहीत होतं.

“रुचिताने किती मेहनत घेतलीय ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही,” स्वरूप म्हणाला. “मी रोज बघतोय. पण म्हणूनच मला वाटतं, निर्णय निःपक्ष झाला पाहिजे. उद्या कोणी म्हणायला नको, की घरचं आहे म्हणून दिलं. आमच्या घराचं मत गेविनच्या ग्नोमला.”

स्वरूप खाली बसला. मग लेस्लीअंकलनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. “हा माणूस!” लेस्लीअंकल म्हणाले, “असं मन पायजे. बघा रं, शिका काय तरी.” आणि पुढचं घर पुकारलं.

“थांबा,” मी म्हणाले. “अंकल, माझं मत वेगळं आहे.”

“अगं बाय, घराचं मत झालं ना आता,” ते अगदी मायेने म्हणाले. “एका घराचं दोन कसं धरू? मंग सगलेच मागतील.”

पुढचं घर इंद्रलोकचं, यतीनचं. तो उठला, त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वरूपकडे, आणि म्हणाला, “आता काय, घरच्याच माणसाला पटत नाहीये, तर त्यात काहीतरी असेलच. आमचं घर पण ग्नोमला.” मग एकामागून एक. सातांपैकी दोन घरं माझ्या बाजूने राहिली, तीही चौकची म्हातारी भावंडं, ज्यांना ऐकू कमी येतं. ज्युलियानाआंटींनी सगळ्यांना चहा आणून दिला. मला देताना त्या पुटपुटल्या, “जाऊ दे गं.” त्यांच्या घराचं मत लेस्लीअंकलनी दिलं होतं.

परतताना मी स्कूटरवर मागे बसले. राई गाव मागे पडल्यावर स्वरूपच म्हणाला, “रागावलीस?”

“तू कधी उघडून तरी पाहिलंस का ते ग्नोम?”

“त्याचा प्रश्न नाहीये. मला वाटलं तुझं तर येतंयच. सगळे तुझ्याच बाजूने होते. आपलं एक मत गेलं तर काय फरक पडतोय? उलट तुझी शान वाढली असती, की बघा, नवऱ्याच्या मताशिवाय जिंकली. आणि मी आपल्याच बायकोला मत दिलं असतं तर लोक काय म्हणाले असते?”

“म्हणाले असते, ह्याला बायकोचं काम कळतं.”

“तू ना, सरळ कधी घेत नाहीस,” तो म्हणाला आणि वेग वाढवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चालत्या स्कूटरवर मागून भांडता येत नाही. ऐकू येत नाही आणि तोंडही दिसत नाही.

घरी शांताबाई भाकऱ्या करत होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. स्वरूपने सांगितलं, अगदी सविस्तर, टाळ्यांसकट. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो लपवायचं त्याला सुचलंही नाही. मग तो अंघोळीला गेला.

शांताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “ह्याचा बापूस पन असाच होता,” त्या म्हणाल्या. “बोट आमची, नाखवा तो. मावरा वाटायला बसला का सगल्यांना चांगला चांगला द्यायचा आनि शेवटाला उरला सुरला घरी धाडायचा. का, तं कोन बोलंल, नाखव्याने घरात चांगला नेला. पापलेट आमच्या बोटीत यायची, पन माझ्या पोरांनी खाल्ली न्हाय. गावान त्याचं नाव मोठा झाला. कालवन आमचं पातळ झालं.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोल्ले की. तं मना बोल्ला, तुला अक्कल न्हाय, ह्याला इज्जत बोलतात.” त्यांनी भाकरी टोपलीत टाकली. “इज्जत त्याची, पोट आमचं.”

त्यांनी हे इतकं सपाट आवाजात सांगितलं, की मला रडू आलं. सासूसमोर मी लग्नानंतर पहिल्यांदाच रडले. त्या मात्र रडल्या नाहीत, पुढची भाकरी थापत राहिल्या.

आता तुम्ही विचाराल, फाइल तर तूच बांधतेस, तर डिफॉल्ट बदलून का टाकला नाहीस? मलाही दहादा वाटलं. एक ओळ असते, तिच्यात एका नावाच्या जागी दुसरं घालायचं असतं. पण लेस्लीअंकलनी फोन करून सांगितलं, “बाय, बांध आता तू, तुझ्या हातानं हुईल तं बरं हुईल,” आणि मी ते बांधलं, नीट, ठरल्याप्रमाणे, माझ्या हाताने. चोरून बदललं असतं तर आयुष्यभर सगळे म्हणाले असते, बघा, नवरा केवढ्या मनाचा आणि बायको कशी. ती संधी मला कुणाला द्यायची नव्हती. स्वरूप तेव्हा मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दॅट्स द स्पिरिट. तू पण मन मोठं केलंस.” मी हात झटकला. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र मी नवं गलबत चढवलं नाही. बरं दिसत नाही, निदान आपल्या घरात तरी गटाचा निर्णय पाळायला हवा, असं तो एकदा म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने विषय सोडला.

पालीच्या सोसायटीत गेविनने सुट्टी घेऊन स्वतः जाऊन नवं गलबत टाकलं. माझ्या ऑफिसात तेव्हा कामाची धुमाळी होती, दोन-तीन रविवार मला जाता आलं नाही. गेले तेव्हा खोली उघडीच होती. टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक घालून कॉम्प्युटर झाकून ठेवले होते आणि त्यावर जाळी विणायच्या दोऱ्याची रिळं रचली होती. गोदूबाई दारात बसून कोळंबी सोलत होती.

“मावशी, हे काय? बंद का?”

“आमाला न्हाय येत बाय,” ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. “आमी अडानी. पयल्यांदा वाटला व्हता, येतंय. पन न्हाय येत. कललं न्हाय काय ता.”

तिला कळत नव्हतं असं नाही. तिला जे कळत होतं ते आम्ही काढून घेतलं होतं. पण तिने कॉम्प्युटरला नावं ठेवली नाहीत, गेविनला ठेवली नाहीत, स्वतःला ठेवली. मला हे सगळ्यात जास्त लागलं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “मी आत्ता पहिल्यासारखं करून देते. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको.” तिने सुरी थांबवली. “आज तू करून देशील, उद्या तो पोरगा येवून परत बदलंल. तो बोल्ला, सगल्यांनी ठरवलाय. आमाला दोन-दोनदा लाज नको गो. तू बस, कोलंबी घेवून जा शांतासाठी.”

मी बसले. कोळंबी घेतली नाही. परत येताना बसमध्ये मला एकच कळत होतं, की गेविन वाईट नव्हता, लेस्लीअंकल वाईट नव्हते, आणि माझा नवरा तर सगळ्यांत चांगला होता. एवढ्या चांगल्या माणसांनी मिळून त्या बाईला परत अडाणी केलं होतं.

लेस्लीअंकलना मी फोनवर सगळं सांगितलं. ते हळहळले. “पुढच्या बैठकीत बोलू,” म्हणाले. पुढच्या बैठकीत मात्र बोलायला दुसराच विषय निघाला. मुंबईची एक संस्था गलबतला मदत करायला तयार होती, पण त्यांना गटाचा एक प्रमुख हवा होता, सह्या करायला, भेटायला जायला. गेविनने लगेच स्वरूपचं नाव घेतलं.

“असा माणूस पाहिजे ज्याला स्वतःचं असं काही नाही,” गेविन म्हणाला. “स्वरूप दादा टोटल निःपक्ष आहे. आपण बघितलंय.”

माना हलल्या. स्वरूप खाली बघत, हात जोडत, नाही नाही म्हणत होता. मी विचारलं, “पालीच्या क्लासचं काय?”

“ते घेऊ ना नंतर,” यतीन म्हणाला.

लेस्लीअंकलनी घसा खाकरला. “तं आता घरं पुकारतंय. लांबचं घर पयलं. स्वरूपचं घर.”

या वेळी तो उठायच्या आत मी उठले. “आमच्या घराचं मत स्वरूपला नाही,” मी म्हणाले. “आपल्याच माणसाला मत देणं बरं दिसत नाही. उद्या कुणी म्हणायला नको, घरचं आहे म्हणून दिलं.”

टाळी कुणी वाजवली नाही. कुणी माझ्या मनाचं माप काढलं नाही. यतीनला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. लेस्लीअंकल माझ्याकडे बघत राहिले, मग हळूच माझ्या बाजूला, स्वरूपकडे वळले.

“स्वरूप,” ते म्हणाले, “घराचं मत काय रं?”

मी उभी होते. बोलून झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी सहाच्या सहा घरं माझ्या नवऱ्याकडे पाहत होती, आणि ज्युलियानाआंटीही दारात ट्रे घेऊन थांबल्या होत्या.

स्वरूप हसला. तोच गोड चेहरा. “ती अजून रागावलीय माझ्यावर, ते डेस्कटॉपवरून,” तो म्हणाला. सगळे मोकळे होऊन हसले. “नाही म्हणजे, माझंच नाव आहे म्हणून मला संकोच वाटतोय. पण सगळ्यांची इच्छा असेल, तर आमचं घर सोबत आहे.”

“झालं!” लेस्लीअंकल म्हणाले आणि पुढचं घर पुकारलं. सातही घरं त्याला मिळाली. आमचं धरून. टाळ्या झाल्या, स्वरूपने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि मी अजून उभीच होते, कारण बसायचं कसं ते मला सुचत नव्हतं.

“आता एकच विषय,” लेस्लीअंकल म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. “संस्थेच्या लोकांना नवीन गलबत दाखवायला पायजे. नाताळाच्या आत. रुचिता, हुईल ना?”

“स्वरूपला विचारा,” मी म्हणाले.

“त्याला कशाला?”

“घराचं मत तो देतो ना? मग घराचं कामही तोच देईल. एका घराचं दोन कसं धरायचं, अंकल?” मी पिशवीतून लॅपटॉप काढला. गलबतचं सगळं त्यात होतं, पहिल्या दिवसापासूनचं. तो मी स्वरूपच्या मांडीवर ठेवला. “पासवर्ड मी लिहून देते. बांधू दे त्याला.”

स्वरूपने लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला. तो कुठून उघडायचा हे त्याला कळत होतं, त्यापुढचं काही कळत नव्हतं. त्याने गेविनकडे पाहिलं. गेविनने मान खाली घातली. त्याला शिकून घेता आलं असतं, पण नाताळच्या आत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मी चपला घालू लागले.

“अगं पन बाय,” लेस्लीअंकल घाबरून म्हणाले, “त्याला त्यातला कायच कलत न्हाय ना!”

सहाही घरांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच ते माहीत होतं, फक्त आजवर कुणाला बोलायची गरज पडली नव्हती.